सन १९१८ च्या मानमोडींत बचावलेलीं दोन विद्यालयें

(१)

सन १९१८ सालीं जगभर पसरलेल्या इन्फ्ल्युएंझाच्या साथीस आपल्याकडील लोकांनीं मानमोडी असें नांव दिलें होतें. या साथीवर पुष्कळ ग्रंथरचना झाली आहे. परंतु तींतील बराच भाग मृतांच्या गणतीनें व्यापिलेला आहे. जे मेले त्यांची मोजदाद होणें साहजिकच होय. जे वांचले ते कां वांचले, याचा शोध घेणारा विरळा. हा उलट प्रश्न अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठाच्या हॉवर्ड मार्केल प्रभृति इतिहासकारांनीं हातीं घेतला व त्याचें फळ सन २००६ सालीं प्रसिद्ध केलें. साथीचा दुसरा व सर्वांत घातक तडाखा बसला असतां ज्या अमेरिकन वस्त्यांत एकाहून अधिक मृत्यु घडला नाहीं, अशा वस्त्या त्यांनीं जुन्या दप्तरांतून हुडकून काढल्या. त्या अवघ्या सात भरल्या. कोलोरॅडोच्या डोंगराळ मुलखांतील गनिसन गांव, व्हरमाँट संस्थानांतील फ्लेचर हें खेडें, सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरांतील येर्बा ब्वेना बेटावरील आरमारी शिक्षणतळ, सॅरनॅक लेक येथील ट्रूडो क्षयरुग्णालय, पिट्सबर्ग येथील अंधशाळा, आणि दोन विद्यालयें. त्यांपैकीं एक न्यू जर्सींतील प्रिन्स्टन विद्यापीठ, व दुसरें पेन्सिल्व्हेनियांतील ब्रिन मॉर हें स्त्रियांचें महाविद्यालय.

पहिल्या पांच स्थळांचें नवल तितकेंसें वाटत नाहीं. बेट, डोंगरी गांव, आडवाटेचें खेडें, रुग्णालय व अंधशाळा हीं सर्व मूळचींच कमीअधिक बंदिस्त. विद्यालयाची गोष्ट निराळी. तेथें दरवर्षीं शेंकडों तरुण दूरदूरच्या गांवांहून आगगाडीनें येतात, एका छपराखालीं निजतात, एका पंक्तीस जेवतात आणि एका दालनांत बसून व्याख्यान ऐकतात. श्वासाबरोबर पसरणाऱ्या रोगास याहून सोयीची जागा शोधूनहि सांपडणार नाहीं. मग या दोन विद्यालयांत एकहि विद्यार्थी दगावला नाहीं, हें कसें घडलें? प्रस्तुत लेखांत या एकाच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. आमचा निष्कर्ष आरंभींच सांगून टाकतों. हीं दोन नांवें एका ओळींत लिहिलीं जातात. परंतु त्यांची कथा एक नाहीं. एकानें रोगास बहुतांशीं दाराबाहेर ठेविलें. दुसऱ्याच्या घरांत रोग शिरला, पण त्यानें कोणाचा प्राण नेला नाहीं. या दोन गोष्टींचीं कारणें वेगळीं, आणि त्यांचा पुरावाहि सारख्या वजनाचा नव्हे.

(२)

प्रथम साथीचें स्वरूप थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. सन १९१८ च्या वसंतांत पहिली लाट आली ती सौम्य होती. आपल्याकडे १० जून १९१८ रोजीं मुंबईंत सात पोलिस शिपाई तापानें रुग्णालयांत दाखल झाले, व त्यांपैकीं एक गोदीवर पहाऱ्यास होता. साथीच्या आगमनाची ही आपल्याकडील ठळक नोंद होय. सप्टेंबरांत दुसरी लाट उसळली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसांत मुंबई शहरांत ७६८ मृत्यु नोंदले गेले. मुंबई इलाख्यांत या साथीनें सुमारें दहा लाख माणसें नेलीं. सबंध हिंदुस्थानांत सव्वा कोट ते पावणेदोन कोट गेलीं असावींत, असे निरनिराळ्या गणितज्ञांचे अंदाज आहेत.

त्याच आठवड्यांत अटलांटिकपलीकडे फिलाडेल्फिया शहराची अवस्था मुंबईसारखीच झाली होती. २८ सप्टेंबर १९१८ रोजीं युद्धकर्जाच्या प्रचारार्थ तेथें मोठी मिरवणूक निघाली. सुमारें दोन लाख लोक रस्त्यांत उभे राहिले. तीन दिवसांत रुग्णालयांतील खाटा भरल्या. ३ ऑक्टोबर रोजीं शाळा, प्रार्थनामंदिरें व नाटकगृहें बंद करण्याचा हुकूम निघाला, पण तोंवर वेळ टळून गेली होती. १० ऑक्टोबरच्या सुमारास रोजच्या मृत्यूंचा आंकडा साडेसातशेंच्या घरांत पोंचला. महिन्या-सव्वा महिन्यांत बारा हजारांहून अधिक लोक मेले. या शहरापासून ब्रिन मॉर अवघ्या दहा-अकरा मैलांवर आहे. प्रिन्स्टन सुमारें चाळीस मैलांवर. म्हणजे दोन्ही विद्यालयें आगीच्या धगींतच होतीं, आणि दोन्हींस शहराशीं जोडणारी आगगाडी होती.

या रोगाचें आणखी एक लक्षण विद्यालयांच्या दृष्टीनें महत्त्वाचें. सामान्य इन्फ्ल्युएंझा लहान मुलें व वृद्ध यांस मारतो. सन १९१८ च्या साथींत वीस ते चाळीस या वयाचीं धडधाकट माणसें मोठ्या संख्येनें मेलीं. कॉलेजचा विद्यार्थी नेमका या घातक वयाच्या उंबरठ्यावर उभा होता.

(३)

त्यांतच त्या वर्षीं अमेरिकेंतील विद्यालयें हीं नुसतीं विद्यालयें राहिलीं नव्हतीं. महायुद्धासाठीं अधिकारी तयार करावे म्हणून अमेरिकन सरकारनें विद्यार्थी सैन्यशिक्षण दल नांवाची योजना काढली. १ ऑक्टोबर १९१८ रोजीं देशांतील पांचशेंहून अधिक महाविद्यालयांत एकाच दिवशीं समारंभ करून सुमारें एक लाख चाळीस हजार विद्यार्थ्यांस सैनिक म्हणून शपथ देण्यांत आली. साथ ऐन भरांत असतां देशभर विद्यार्थ्यांची अशी गर्दी जमविली जावी, हा योगायोग मोठा दुर्दैवी होता. व्यायामशाळा, सभागृहें व विद्यार्थ्यांच्या मंडळांचीं घरें यांच्या बराकी झाल्या. जेथें एरवीं चेंडू खेळत तेथें खाटांच्या रांगा लागल्या.

या बराकींत लष्करी वैद्यांनीं जे उपाय योजिले त्यांची माहिती त्या काळच्या लष्करी वैद्यकीय लेखनांत सांपडते. खाटा अशा मांडीत कीं एकाचें डोकें शेजाऱ्याच्या पायांकडे यावें. दोन खाटांमध्यें चादरीचा पडदा टांगीत. खिडक्या रात्रीं उघड्या ठेवीत. घशांत व नाकांत औषधी पाण्याचे फवारे मारीत. जाळीदार कापडाच्या चार-सहा पदरी पट्ट्या तोंडावर बांधीत. यांपैकीं कांहीं उपाय आजच्या ज्ञानानें योग्य ठरतात, कांहीं निरुपयोगी. पण एक गोष्ट त्या उपायांच्याहि आधींची आहे: सैनिकी शिस्तीमुळें विद्यार्थ्यास आवाराबाहेर जाऊं न देण्याचा अधिकार चालकांच्या हातीं आला. जें साधन गर्दी करण्यास कारण झालें, तेंच कोंडी करण्यास उपयोगी पडलें. बहुतेक विद्यालयांस पहिली गोष्ट भोंवली. प्रिन्स्टनला दुसरीचा लाभ झाला.

(४)

प्रिन्स्टन हें न्यूयॉर्क व फिलाडेल्फिया यांच्या मधल्या रस्त्यावर वसलेलें जुनें विद्यापीठ. त्या वेळीं जॉन ग्रिअर हिबेन हे अध्यक्ष होते. न्यू जर्सी संस्थानांतच कॅम्प डिक्स ही मोठी लष्करी छावणी होती, आणि तीवर साथीचा जबर हल्ला झाला होता. विद्यापीठांतील विद्यार्थिवर्ग बहुतांशीं सैनिकी व आरमारी शिक्षणाखालीं असल्यामुळें आवाराची लष्करी पद्धतीनें नाकेबंदी करतां आली. येण्याजाण्यावर निर्बंध घातले गेले व आजारी पडलेल्यास तत्काळ वेगळें करण्यांत आलें.

मिशिगनच्या इतिहासकारांनीं दप्तरांतून काढलेला हिशेब असा आहे: वस्ती १,१४२, बाधित ६८, मृत्यु शून्य.

ब्रिन मॉर हें सन १८८५ सालीं सुरू झालेलें स्त्रियांचें महाविद्यालय. त्या काळीं मिस एम. केरी टॉमस या अध्यक्ष होत्या व त्यांचा अंमल कडक होता. येथें लष्कर नव्हतें, शपथा नव्हत्या, बराकी नव्हत्या. शहरांत व गर्दीच्या ठिकाणीं जाण्यास विद्यार्थिनींस मनाई झाली, आणि महाविद्यालयाच्या आवारांत स्वतःचें शुश्रूषागृह होतें. येथील हिशेब असा: वस्ती ४६५, बाधित ११०, मृत्यु शून्य.

मूळ इतिहासकारांनीं या सात स्थळांवरून काढलेला निष्कर्ष संयमित आहे. रोग येण्यापूर्वींच एखाद्या निरोगी समूहाची कडक नाकेबंदी करणें हा उपाय कांहीं स्थळीं लाभदायक झालेला दिसतो; परंतु भूगोल, लहान वस्ती आणि निव्वळ दैव यांचाहि वांटा त्यांत असूं शकेल, असें ते म्हणतात. पुढील लेखकांनीं मात्र हा संयम सोडला. सातहि नांवें एका माळेंत ओंवून, नाकेबंदी केली म्हणून हीं वांचलीं, असें सरसकट लिहिण्याचा प्रघात पडला. आमचा आक्षेप या सरसकटपणावर आहे.

(५)

आपल्या इतिहाससंशोधनांत बखर व हजेरीपट यांचा भेद आपण नेहमीं करतों. बखरकार लढाईंत लाख फौज होती म्हणून लिहितो. हजेरीपट व वांटणीचा हिशेब हातीं आला म्हणजे ती वीस हजार भरते. परंतु हजेरीपटाचाहि अर्थ लावावा लागतो. तो आपण होऊन बोलत नाहीं. वर दिलेले दोन हिशेब हजेरीपटाच्या जातीचे आहेत; तेव्हां त्यांस तीच कसोटी लावूं.

सबंध अमेरिकेंत या साथींत सुमारें चौथा हिस्सा किंवा त्याहून किंचित् अधिक लोक आजारी पडले, आणि आजारी पडलेल्यांपैकीं शेंकडा दोन ते अडीच मेले, असें ढोबळ मान धरतात. आतां प्रिन्स्टनचा आंकडा पाहा. १,१४२ माणसांत चौथा हिस्सा म्हणजे सुमारें २८५ बाधित व्हावयास हवे होते. झाले ६८, म्हणजे शेंकडा सुमारें ६. एवढी तफावत दैवानें पडत नाहीं. सौम्य तापाच्या कांहीं केसी नोंदल्या गेल्या नसतील, हें आम्ही मान्य करतों. पण जेथें रोज कवायतीला हजर राहावें लागतें तेथें तापानें अंथरूण धरलेला विद्यार्थी लपत नाहीं, आणि चारांपैकीं तीन रुग्ण नोंदीबाहेर राहिले असें मानण्यास आधार नाहीं. वसंतांतील सौम्य लाटेंत कांहींस आधींच ताप येऊन गेला असेल व त्यामुळें ते शरदांत निभावले असतील, हाहि आक्षेप संभवतो. परंतु ती लाट छावण्यांतूनहि आली होती, आणि तरी तेथें शरदांतील साथ थांबली नाहीं. सारांश, प्रिन्स्टनच्या दारांत रोग खरोखरीच अडला होता.

ब्रिन मॉरची गोष्ट याच्या उलट आहे. ४६५ पैकीं ११० म्हणजे शेंकडा तेवीस-चोवीस. हें प्रमाण देशाच्या सामान्य प्रमाणाहून फारसें वेगळें नाहीं. म्हणजे नाकेबंदीनें येथें रोग अडविला, असें म्हणतां येत नाहीं. शहरांत जाण्याची मनाई झाली खरी. पण रोग एक तर आधींच आंत आला होता, किंवा स्वयंपाकी, नोकर, व्यापारी व अध्यापक यांच्या वाटेनें आला. ब्रिन मॉरचें वैशिष्ट्य असेल तर तें शून्य मृत्यूंत आहे.

मग या शून्याची किंमत किती? शेंकडा अडीच हें मान धरल्यास ११० रुग्णांत दोन-तीन मृत्यु व्हावयास हवे होते. कोणतीहि विशेष शुश्रूषा नसतां, निव्वळ दैवानें, ११० रुग्णांचा एखादा समूह एकहि मृत्यु न होतां निभावण्याचा संभव सुमारें सोळांत एकदां येतो. प्रिन्स्टनच्या ६८ रुग्णांत एखाद-दुसरा मृत्यु अपेक्षित होता; तेथें शून्य येण्याचा संभव सुमारें सहांत एकदां. अमेरिकेंत त्या वर्षीं महाविद्यालयें शेंकड्यांनीं होतीं. सोळांत एकदां घडणारी गोष्ट इतक्या विद्यालयांत कोठें तरी घडणारच; आणि आपण यादी करतांना जेथें ती घडली तींच नांवें वेंचलीं आहेत. हा दोष ध्यानांत ठेविला म्हणजे शून्याचें तेज पुष्कळ कमी होतें.

म्हणून आमचें मत असें कीं, या दोन हिशेबांत सर्वांच्या डोळ्यांत भरणारें शून्य हें सर्वांत दुबळें प्रमाण आहे. आणि कोणी ज्याकडे फारसें पाहत नाहीं तो अडुसष्ट हा आंकडा सर्वांत बळकट. प्रिन्स्टनचें उदाहरण नाकेबंदीच्या बाजूनें साक्ष देतें. ब्रिन मॉरचें उदाहरण नाकेबंदीची साक्ष देत नाहीं. तें फार तर शुश्रूषेची साक्ष देतें, आणि तीहि मंद आवाजांत.

(६)

मंद आवाज असला तरी तो ऐकण्याजोगा आहे. आजच्या ज्ञानाप्रमाणें सन १९१८ चे बहुतेक मृत्यु निव्वळ इन्फ्ल्युएंझानें झाले नाहींत. इन्फ्ल्युएंझानें श्वासमार्गाचें आवरण उघडें पडल्यावर दुसरे जंतु फुप्फुसांत शिरले व न्यूमोनियानें रोगी दगावला. त्या काळीं न्यूमोनियावर पेनिसिलिनासारखें औषध नव्हतें. तेव्हां ताप भरतांच अंथरुणावर पडून राहणें, मोकळी हवा, पाणी व पातळ अन्न वेळेवर मिळणें, आणि दुसऱ्या न्यूमोनियाच्या रोग्याशेजारीं खाट न येणें एवढेंच मनुष्याच्या हातीं होतें. गर्दीच्या बराकींत व भरून वाहणाऱ्या शहरी रुग्णालयांत नेमकें हेंच अशक्य झालें. लहान आवार, स्वतःचें शुश्रूषागृह व हाताशीं असलेल्या परिचारिका ज्या महाविद्यालयापाशीं होत्या, तेथें हें शक्य होतें.

फिलाडेल्फियांतील स्थितीचें वर्णन आयझॅक स्टार या वैद्याच्या आठवणींत आहे. साथीच्या वेळीं ते पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठांत वैद्यकाच्या तिसऱ्या वर्गांत होते. वर्ग बंद करून विद्यार्थ्यांस रुग्णालयांत कामास धाडण्यांत आलें, आणि परिचारकाचें काम त्यांच्या गळ्यांत पडलें. या आठवणी त्यांनीं सन १९७६ सालीं, म्हणजे अठ्ठावन्न वर्षांनीं, प्रसिद्ध केल्या. संशोधकाच्या दृष्टीनें हें साधन बखरीच्या जातीचें. प्रसंगाचा रंग त्यांत उतरतो तसा नोंदवहींत उतरत नाहीं. संख्या व तारखा यांसाठीं मात्र नोंदवहीकडेच जावें लागतें. दोन्ही साधनें लागतात, पण एकाचें काम दुसऱ्याकडून करून घेऊं नये.

तिसरें साधन छायाचित्राचें. जॉर्जिया टेक या विद्यालयाच्या मैदानावर सन १९१८ च्या हंगामांत फुटबॉलचा सामना पाहण्यास जमलेल्या लोकांचें एक छायाचित्र थॉमस कार्टर या विद्यार्थ्यानें घेतलें होतें. तें आज सर्वत्र पाहावयास मिळतें. प्रेक्षकांच्या तोंडांवर पट्ट्या आहेत. पण कांहींच्या पट्ट्या नाकाखालीं उतरल्या आहेत, आणि सर्वजण खांद्यास खांदा लावून बसले आहेत. नियमपुस्तकांत मुखपट्टीची आज्ञा सांपडली म्हणजे ती पाळली गेली, असें अनुमान करणाऱ्या इतिहासलेखकानें हें चित्र समोर ठेवावें. हुकूम निघणें व हुकूम बजावला जाणें यांतील अंतर पेशवे दप्तर पाहिलेल्या वाचकांस आम्हीं सांगावयास नको.

(७)

नाकेबंदी वेळेआधीं करावी लागते, हें प्रिन्स्टनवरून दिसतें. तें कां, याचें उत्तर त्या काळीं कोणापाशीं नव्हतें. रिचर्ड फायफर या जर्मन शास्त्रज्ञानें सन १८९२ सालीं वर्णिलेला एक जंतु या रोगाचें मूळ आहे, असें तेव्हां पुष्कळ वैद्य समजत. त्या जंतूपासून लशी तयार करून हजारों लोकांस टोंचण्यांतहि आल्या. रोगाचें कारणच दुसरें असल्यामुळें त्या लशींचा मूळ रोग रोखण्यास उपयोग होणें शक्य नव्हतें. मनुष्यांतील इन्फ्ल्युएंझाचा विषाणु सन १९३३ सालीं लंडनमध्यें हातीं लागला. आणि सन १९१८ च्या विषाणूची संपूर्ण जनुकरचना जतन केलेल्या जुन्या ऊतींवरून जुळवून सन २००५ सालीं प्रसिद्ध झाली. संग्राहकांस ही गोष्ट आनंदाची वाटेल: सैनिकांच्या शवांतून काढून मेणांत बसविलेले ते तुकडे ऐंशी वर्षें एका संग्रहांत पडून होते, आणि कोणीं ते फेंकून दिले नाहींत म्हणूनच हा शोध लागला.

आज आपणांस ठाऊक आहे कीं, संसर्गापासून ताप येण्यास बहुधा एक-दोन दिवस लागतात, आणि ताप येण्याच्या सुमारें एक दिवस आधींपासूनच मनुष्य दुसऱ्यास रोग देऊं शकतो. म्हणजे दारावर पहारेकरी बसवून तापकरी तेवढे परत पाठविले तरी रोग आंत येतोच; आणि आंत आल्यावर दोन-तीन दिवसांत त्याची एक पिढी पुरी होते. पहिला रोगी दिसेपर्यंत थांबलेलें विद्यालय एक पिढी मागें पडलेलें असतें. लवकर बंद केलेल्या दाराचा उपयोग होतो व उशिरां बंद केलेल्या दाराचा होत नाहीं, याचें कारण एवढेंच आहे. फिलाडेल्फियाचा ३ ऑक्टोबरचा हुकूम व प्रिन्स्टनची नाकेबंदी यांत शब्दांचा फरक थोडा होता; वेळेचा फरक मोठा.

लशीचा निकाल पुढें पंचवीस वर्षांनीं लागला, आणि तोहि विद्यालयांच्या आवारांतच लागला, हें विशेष. सन १९४३ सालीं दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन विद्यालयांत पुन्हां सैनिक-विद्यार्थी भरले होते. टॉमस फ्रान्सिस यांच्या नेतृत्वाखालील मंडळानें त्यांतील सुमारें साडेबारा हजार तरुण निवडले. कांहींस खऱ्या विषाणूपासून केलेली मृत लस टोंचली; बाकीच्यांस निरुपद्रवी द्रव टोंचला. त्या वर्षाअखेर साथ आली तेव्हां लस घेतलेल्यांत शेंकडा २·२२ आजारी पडले, न घेतलेल्यांत शेंकडा ७·११. या कामांत फ्रान्सिस यांचे सहकारी असलेले जोनास सॉक पुढें पोलिओच्या लशीमुळें जगप्रसिद्ध झाले.

१९१८ व १९४३ या दोन दप्तरांतील भेद संशोधकानें पाहण्यासारखा आहे. १९१८ सालीं पुष्कळ ठिकाणीं लस घेऊन वांचलेल्यांच्या याद्या झाल्या; न घेतां वांचलेल्यांच्या तेथें झाल्या नाहींत. म्हणून त्या याद्यांवरून कांहीं सिद्ध होत नाहीं. १९४३ सालीं दोन्ही याद्या एकाच हातानें, एकाच वेळीं, एकाच आवारांत लिहिल्या गेल्या. वांचलेल्यांची यादी हा अर्धाच पुरावा होय. हीच उणीव बचावलेल्या सात स्थळांच्या यादीस लागू पडते: नाकेबंदी करूनहि ज्या विद्यालयांत विद्यार्थी मेले, त्यांचीं दप्तरें शेजारीं ठेविल्याखेरीज ही यादी पुरी होणार नाहीं.

(८)

या विवेचनाचा आपल्या प्रांताशीं संबंध काय, असें कोणी विचारील. सन १९१८ च्या शरदांत मानमोडी आली तेव्हां पुण्यांत व आसपास विद्यार्थ्यांच्या वस्तीच्या संस्था थोड्या नव्हत्या. फर्ग्युसन कॉलेज सन १८८५ पासून चालूं होतें. न्यू पूना कॉलेज सन १९१६ सालीं निघालें होतें. सन १९०९ सालीं स्थापन झालेलें अनाथ विद्यार्थी गृह होतें. हिंगण्यास अण्णासाहेब कर्वे यांचा आश्रम होता. म्हणजे प्रिन्स्टन व ब्रिन मॉर यांस जो प्रश्न पडला तोच त्या आठवड्यांत आपल्याकडील चालकांसहि पडला: विद्यार्थ्यांस घरीं धाडावें, कीं दार लावून आंत ठेवावें? घरीं धाडावें तर रोग गांवोगांव जातो. आंत ठेवावें तर एकाचा शंभरांस होतो. वीस-एकवीस वर्षांपूर्वीं प्लेगच्या सक्तीच्या अलगीकरणाची कडू आठवण ताजी असतां, हा निर्णय करणें आपल्याकडे अधिकच अवघड होतें.

हा प्रश्न जुना झालेला नाहीं. सन २००९ सालीं नव्या इन्फ्ल्युएंझाची साथ आली तेव्हां जून-जुलैंत पांचगणीच्या एका निवासी शाळेंत निम्म्याहून अधिक विद्यार्थी तापानें पडले, व पुण्याच्या राष्ट्रीय विषाणु संस्थेच्या संशोधकांनीं त्याची चौकशी केली. ऑगस्टांत पुण्यांतील शाळा व महाविद्यालयें कांहीं दिवस बंद ठेवावीं लागलीं. सन २०२० सालीं दुसऱ्याच एका विषाणूनें देशांतील बहुतेक वसतिगृहें रिकामीं केलीं. प्रत्येक वेळीं चालकांनीं जणूं पहिल्यानेंच विचार केला. मागील पिढीनें केलेल्या प्रयोगाचा हिशेब कोणाच्या हाताशीं नव्हता.

प्रिन्स्टनचा अडुसष्ट हा आंकडा आपणांस आज वापरतां येतो, याचें कारण त्या वेळीं कोणी तरी रुग्णांची नोंद ठेविली आणि ती नोंद पुढें जपली गेली. आपल्याकडे ताम्रपट, सनदा व पत्रें जपणारे संग्राहक पुष्कळ आहेत. वसतिगृहाची हजेरीवही, खाणावळीचा रोजमेळ, शाळेच्या वैद्याची औषधवही, रेक्टरांनीं पालकांस लिहिलेल्या पत्रांची नक्कलवही यांस मात्र कोणी ऐतिहासिक कागद म्हणत नाहीं; जागा रिकामी करावयाची झाली म्हणजे हींच प्रथम रद्दीवाल्याच्या तराजूंत पडतात. वस्तुतः ऑक्टोबर १९१८ च्या खाणावळीच्या रोजमेळांत एका पंक्तीची ताटें चाळीसावरून अकरावर आलेलीं दिसलीं, तर तें पान एखाद्या लहानशा सनदेहून मोलाचें समजावें. किती आजारी पडले, किती घरीं गेले, किती परत आले, हें त्या पानावरून निघतें. आणि हे तीन आंकडे मिळाले म्हणजे वर केली तशी परीक्षा आपल्या संस्थांचीहि करतां येते.

अशीं पानें ज्यांच्या पाहण्यांत येतील त्यांनीं त्यांची नक्कल करून ठेवावी. निदान सन १९१८ च्या जूनपासून १९१९ च्या मार्चपर्यंतच्या वह्या तरी मोडींत घालूं नयेत. मृत्यूची नोंद तेवढी वेंचून घेऊं नये. बाधितांची, बरे झालेल्यांची व आजारी न पडलेल्यांचीहि घ्यावी. शून्य कोठेंहि सांपडतें, आणि तें सांपडल्याचा आनंदहि होतो. त्याच्या शेजारचा आंकडा जपला गेला असेल तरच त्या शून्याचा अर्थ लागतो.